उत्तराची घाई



परवा एका गावी मुक्काम पडला. रात्री घरातला कॉलेजचा मुलगा मोबाईलवर परदेशी मालिका बघत बसला होता. त्याची आजी म्हणाली, "साहेब, ह्यात काय चाललंय ते त्यालाबी कळत न्हाई, तरी रोज बघतो!" म्हणून आज त्याच मालिकेची हकिकत सांगतो.

मालिकेचं नाव 'ट्विन पीक्स'. अमेरिकेत ती एप्रिल १९९० मध्ये सुरू झाली. एका लहान गावात शाळकरी मुलीचं प्रेत पाण्याकाठी सापडतं. तपासाला आलेला अधिकारी स्वप्नात दिसलेल्या खुणांवर भरवसा ठेवतो. एक बाई तर लाकडाचा ओंडका लेकरासारखा कवटाळून फिरते! पहिल्या रात्री सुमारे साडेतीन कोटी लोकांनी ती पाहिली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली. पण मे महिन्यात पहिलं पर्व संपलं, तरी खुनी कोण ते कळेना. मग कौतुक करणाऱ्यांतलेच काही म्हणू लागले, "ही आमची थट्टा चाललीय."

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांना खुनी इतक्यात सांगायचाच नव्हता. वाहिनीनं घाई केली. नोव्हेंबर १९९० मध्ये गुपित फुटलं. झालं! लोकांची ओढ गेली, गोष्टही भरकटली आणि जून १९९१ मध्ये मालिका बंद पडली. २०१७ मध्ये तिचे नवे अठरा भाग आले. तेही तितकेच कोड्याचे. पण या वेळी पुष्कळ समीक्षकांनी ते कोडं गोड मानून घेतलं.

तुम्ही म्हणाल, साहेब शेती सोडून हे काय सांगताहेत? ऐका तर.

हळदीचं बेणं उगवायला पंधरा दिवस ते महिना लागतो. आठव्या दिवशी माती उकरून बघणारा आपल्याच हातानं कोंब मोडतो. मात्र दोष उकरणाऱ्याचाच असतो असं नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्यानं लाल पडलेलं कपाशीचं पान माझ्यापुढं धरलं. "आत्ताच सांगा," म्हणाला. चारचौघांत 'माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटली. कीड आहे असं ठोकून दिलं. त्यानं उसनवारी करून फवारणी केली. पुढं कळलं, तिथं मॅग्नेशियम कमी पडलं होतं. पैसे गेले आणि हंगामही हातचा गेला. त्या माणसानं मला एका शब्दानं दुखावलं नाही. तेच आजवर टोचतं.

तेव्हा एवढंच करा. कुणी "उद्या शेत बघून सांगतो" म्हणाला, तर त्याला अडाणी समजू नका. तो उद्या येतो की नाही, हे मात्र जरूर बघा.

आणि आजीबाई, नातवाला खुनी कोण ते आधीच सांगू नका हं!