विश्लेषण : ऊन आणि पाण्यातून हायड्रोजन... 100 चौरस मीटरच्या पॅनलमधून नेमकं किती इंधन निघतं?

टाकीत बाटलीभर पाणी ओतलं आणि इंजिन सुरू झालं, असा व्हिडिओ अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत असतो. त्याच्याच शेजारी ‘शास्त्रज्ञांनी उन्हात पाण्यापासून इंधन बनवलं’ ही बातमीही दिसते. पहिला दावा खोटा आहे. दुसरा खरा आहे, पण त्यातली टक्केवारी नीट वाचली नाही तर तोही तितकाच फसवतो.

पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी, म्हणजे एका अर्थी राखच. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर बाहेरून ऊर्जा ओतावी लागणार. ती सूर्याकडून थेट घेता येईल का, हा या संशोधनाचा प्रश्न आहे.

उन्हात पाणी फुटतं कसं?

जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी 1972 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करता येतं. पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतो तोच हा पदार्थ. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात, त्यांच्या जागी रिकामे ‘खड्डे’ उरतात. इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतात, खड्डे ऑक्सिजन. अडचण अशी की सुटलेला इलेक्ट्रॉन बहुतेकदा परत खड्ड्यातच पडतो आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्याला योग्य जागी पोहोचवून काम करून घेणं हे उत्प्रेरकाचं काम.

हे काम किती चोख होऊ शकतं, हे काझुनारी डोमेन यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं. अॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या कणांवर त्यांनी एका बाजूला ऱ्होडियम-क्रोमियम आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्टचा थर बसवला. शोषला गेलेला जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण कामी आला. कार्यक्षमता जवळपास 100 टक्के!

मग अडलं कुठे? ही किमया फक्त अतिनील किरणांत चालते. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा साधारण तीन ते पाच टक्के. बाकीचं ऊन या पावडरीच्या लेखी नसल्यातच जमा.

100 चौरस मीटरचा हिशेब

याच गटाने पुढे 100 चौरस मीटरचे पॅनल उघड्यावर बसवले आणि 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संपूर्ण उन्हाच्या तुलनेत हायड्रोजनमध्ये साठलेली ऊर्जा जास्तीत जास्त 0.76 टक्के भरली.

भर दुपारी एवढ्या जागेवर साधारण 100 किलोवॉट ऊन पडतं. 0.76 टक्क्यांच्या हिशेबाने तासाला सुमारे 23 ग्रॅम हायड्रोजन मिळतो. फ्युएल सेलवरची मोटार 1 किलो हायड्रोजनमध्ये 100 किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे तासाभराच्या उन्हात सव्वादोन किलोमीटरची सोय.

आता तेवढ्याच जागेत नेहमीचे सौर पॅनल लावा. 20 टक्के कार्यक्षमतेने तासाला 20 युनिट वीज. ती इलेक्ट्रोलायझरला दिली, तर किलोला 50 ते 55 युनिट या दराने पावणेचारशे ग्रॅम हायड्रोजन. जवळजवळ सोळापट! शिवाय इलेक्ट्रोलायझरमध्ये दोन्ही वायू वेगवेगळे निघतात. पावडरीच्या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर पडतात, आणि ते मिश्रण स्फोटक असतं. जपानी गटाने पॉलिअमाइडच्या पडद्यातून ते वेगळं केलं आणि यंत्रणा काही महिने सुरक्षित चालवली. 0.76 या आकड्यापेक्षा हेच त्या प्रयोगाचं खरं यश मानायला हवं.

मिशिगन विद्यापीठाच्या झेटियन मी यांच्या गटाने 2023 मध्ये 9.2 टक्क्यांचा आकडा गाठला. त्यांनी एलईडी दिव्यांत असतं त्या जातीचं इंडियम गॅलियम नायट्राइड वापरलं, जे दृश्य प्रकाशही शोषतं. प्रकाश एकवटून पाणी 70 अंशांच्या आसपास ठेवलं. त्या तापमानाला वेगळे झालेले दोन्ही वायू पुन्हा एक होऊन पाणी बनण्याचं प्रमाण घटतं. मात्र 9.2 हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. बाहेरच्या खऱ्या उन्हात तो 6.2 वर आला.

मग याच्या मागे लागायचं कशाला?

कारण पावडर स्वस्त पडू शकते. वायरिंग नको, इन्व्हर्टर नको. टिकाऊ पावडरीने उघड्यावर 5 ते 10 टक्के गाठले, तर गणित बदलू शकतं. आणि हायड्रोजनची गरज मोटारींपेक्षा खतकारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांना जास्त आहे. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. दर किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला जानेवारी 2023 मध्ये मंजुरी मिळाली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट, तरतूद 19,744 कोटी रुपये. त्यातले 17,490 कोटी इलेक्ट्रोलायझरची निर्मिती आणि हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी आहेत. वरचा हिशेब पाहता या दशकापुरता हा डाव बरोबरच आहे. संशोधनासाठी मात्र त्या रकमेतून 400 कोटी ठेवले आहेत, आणि उन्हात पाणी फोडणाऱ्या पावडरीसारख्या सगळ्याच नव्या वाटांना त्यातच भागवावं लागणार आहे.