बंदुकीचा दस्ता हलतोय? तारेने आवळण्याआधी हे वाचा

विशेष विश्लेषण

भात पोटरीला आलं की कोकणातल्या गावांत रानडुकरांचा धुमाकूळ सुरू होतो. कुडाळ असो, सावंतवाडी असो की राजापूर, रात्रीची राखण करणाऱ्या अनेक घरांत शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते. बहुतेक ठासणीची, काही काडतुसाची. वर्षभर कोपऱ्यात पडलेली बंदूक हंगामात हातात घ्यावी, तर दस्ता लगालगा हलतो.

मग सुरू होतो जुगाड. कुणी तांब्याची तार गुंडाळतो, कुणी खिळा ठोकतो, कुणी एमसील भरतो. नाहीच जमलं तर गावातला लोहार नाहीतर सुतार आहेच. पण या साध्या वाटणाऱ्या कामात दोन धोके आहेत. एक जिवाचा आणि दुसरा कायद्याचा.

दस्ता ढिला का होतो?

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कोकणच्या हवेत हे दरवर्षी घडतं आणि सांध्यात फट पडते. दुसरं कारण तेल. बंदुकीला भरपूर तेल लावून ती नळी वर करून भिंतीला टेकवून ठेवली की तेल हळूहळू खाली लाकडात उतरतं. तेल प्यायलेलं लाकूड मऊ पडतं.

बार उडाला की बंदूक मागे धक्का देते. तो धक्का सांध्यातून दस्त्यात आणि दस्त्यातून खांद्यावर येतो. सांधा हलत असेल तर प्रत्येक बाराला लाकूड थोडं थोडं चिरत जातं, नेमही चुकतो. तार चीर झाकते, जोडत नाही. खिळ्याने लाकूड आणखी फाटतं. सगळ्यात वाईट म्हणजे नळीजवळ वेल्डिंग करणं. त्या उष्णतेने पोलाद कमकुवत होऊ शकतं आणि नळी फुटली तर जवळ असतो तो चालवणाऱ्याचाच चेहरा आणि हात.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार बंदूक बनवणं, विकणं आणि दुरुस्त करणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. लहान दुरुस्ती, मोठी दुरुस्ती असा फरक त्या कलमात केलेला नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे शेजारधर्म म्हणून दस्ता बसवून देणारा लोहार कुठल्या कलमात अडकू शकतो, याचा विचार करा.

गावठी बनावटीच्या बंदुकीची गोष्ट तर वेगळीच. ती कितीही ठाकठीक केली तरी बेकायदाच राहते. विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान 2 ते कमाल 5 वर्षांची शिक्षा आहे.

याच कायद्यात एक सोयही आहे, जी फार जणांना माहीत नसते. परवानाधारकाने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस त्याची बंदूक दुरुस्तीसाठी किंवा परवाना नूतनीकरणासाठी घेऊन जाऊ शकतो. म्हाताऱ्या बाबांनी स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी जायलाच हवं असं नाही. मुलाकडे सहीची चिठ्ठी आणि मूळ परवाना द्यावा.

खरी अडचण कुठे आहे?

ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी देता येते, हे कायद्यातच लिहिलं आहे. ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभाही आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात बंदूक असावी, हे सरकारला मान्य आहे. पण ती सुस्थितीत राहावी याची व्यवस्था गावाजवळ नाही. परवानाधारक दुरुस्ती करणारा लांब शहरात असतो. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून माणूस तारेकडे वळतो.

दुरुस्तीचे परवाने वाटले तर त्याच लेथवर गावठी कट्टे तयार होतील, अशी भीती प्रशासनाला वाटते. ती अगदीच खोटी नाही. पण आज जी दुरुस्ती चोरून होते, तिची नोंद कुठेच नाही. काम वहीत नोंदवून झालं तर नजर ठेवणं सोपंच होईल.

मार्ग अवघड नाही. निवडणूक आली की छाननी होऊन अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. परवान्याचं नूतनीकरण 5 वर्षांनी करावं लागतं. या दोन्ही वेळी बंदूक आणि मालक, दोघंही सरकारच्या दारात असतात. त्याच वेळी तालुक्याला परवानाधारक कारागीर बोलावून तपासणी शिबिर घेतलं तर ढिले दस्ते, गंजलेल्या नळ्या तिथल्या तिथे कळतील. ग्रामसभांनी असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला हरकत नाही.

तोपर्यंत काय कराल?

- दस्ता हलत असेल किंवा चीर दिसत असेल तर त्या बंदुकीतून बार काढू नका.
- तेल बेताने लावा, लावल्यावर पुसून घ्या. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती नळी खाली करून ठेवा.
- दुरुस्तीला देताना कारागिराचा परवाना बघा आणि लेखी पावती घ्या.
- बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

डुकराने खाल्लेल्या भाताची भरपाई अर्ज करून मागता येते. फुटलेल्या बंदुकीने नेलेला डोळा कुठल्याही अर्जाने परत येत नाही.