कोळशाचा साठा कोणी करावयाचा?

ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील १३५ औष्णिक वीजकेंद्रांत सरासरी चार दिवस पुरेल एवढाच कोळसा उरला, तेव्हा सरकारने पावसाकडे बोट दाखविले. खाणींत पाणी शिरले हे खरेच. परंतु पावसाळा काही या देशात त्या वर्षी प्रथम आलेला नव्हता. त्याच वर्षी मार्चअखेर कोल इंडियाच्या खाणींपाशी जवळजवळ १० कोटी टन कोळसा पडून होता. वीजकेंद्रांनी तो वेळीच उचलला नाही. आवारातील कोळसा म्हणजे अडकून पडलेला पैसा, आणि अनेक राज्यांच्या वीजकंपन्यांकडे तर कोल इंडियाची जुनी बिलेच थकलेली होती. सार्वजनिक क्षेत्राच्या कैवाऱ्यांनी ही त्रुटी झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण खाजगी क्षेत्राने तरी काय केले? मुंद्रा येथील टाटांच्या ४,००० मेगावॅटच्या प्रकल्पाने महाराष्ट्रासह पाच राज्यांना वीज देण्याचा करार २००७ मध्ये केला, तो युनिटला सुमारे सव्वादोन रुपये दराने. भिस्त इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशावर होती. पुढे त्या देशाने निर्यातीचा भाव जागतिक बाजाराशी जोडला आणि सारा हिशेब कोलमडला. परदेशातील भाववाढ हे करारातून सवलत मागण्याचे कारण होऊ शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. २०२१ मध्ये भाव पुन्हा भडकले आणि देशाला विजेची ऐन निकड असताना हा प्रकल्प बंद राहिला. अखेर मे २०२२ मध्ये केंद्राने वीज कायद्याच्या ११ व्या कलमान्वये आयात कोळशावरील केंद्रांना वीजनिर्मितीचा हुकूम सोडला, आणि वाढीव इंधनखर्च दरातून वसूल करण्याची मुभाही दिली. न्यायालयात जे मिळाले नाही, ते टंचाईने मिळवून दिले!

याची किंमत कोणी मोजली? वीज बाजारात युनिटचा भाव २० रुपयांपर्यंत चढला. राजस्थान, पंजाबसारख्या राज्यांत भारनियमन झाले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या वाघिणींना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. त्या गाड्यांतून मालक मंडळी प्रवास करीत नव्हती.

खाणींपासून दूर असलेल्या केंद्रांनी हंगामानुसार २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा, असा दंडक केंद्रीय वीज प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये घालून दिला. दंडक योग्य आहे. साठ्यात गुंतणाऱ्या पैशाची तरतूद मात्र त्याने होत नाही. धान्याचा राखीव साठा अन्न महामंडळ केंद्राच्या खर्चाने सांभाळते. कोळशाचा राखीव साठाही त्याच न्यायाने केंद्राने आपल्या तिजोरीतून करावा, तो पावसाळ्यापूर्वी केंद्रांच्या आवारात पोचवावा, आणि त्याचे व्याज शेतकऱ्याच्या पंपाच्या बिलात घालू नये.