ओढा आटल्यावर मोजून काय उपयोग?

भूमिगत कोळसा खाण ही खुल्या खाणीपेक्षा पर्यावरणाला कमी त्रासदायक समजली जाते. मातीचे डोंगराएवढे ढिगारे नाहीत, जंगलतोड कमी, धूळही कमी. केंद्र सरकारने २०३० पर्यंत अशा खाणींतून वर्षाला १० कोटी टन कोळसा काढण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये सवलतीही जाहीर झाल्या. सरकारला द्यावयाच्या महसुली वाट्याची किमान मर्यादा चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आली. जमिनीचा पृष्ठभाग बऱ्याच अंशी वाचतो, हे खरे. पण त्यावरून वाहणारे ओढे-नाले वाचतात का? या प्रश्नाचा सर्वाधिक बारकाईने अभ्यास झालेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचे पाणलोट क्षेत्र.

सिडनीच्या दक्षिणेला कॅटरॅक्ट, कॉर्डो, एव्हॉन, नेपियन आणि वोरोनोरा ही धरणे आहेत. सिडनी आणि आसपासच्या शहरांना त्यांतून पिण्याचे पाणी मिळते. पाणी स्वच्छ राहावे म्हणून या क्षेत्रातील मोठ्या भागात सामान्य माणसाला पाऊल ठेवायलाही बंदी आहे. नियम मोडल्यास ४४ हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र याच जमिनीखालून शंभरहून अधिक वर्षे कोळसा काढला जात आहे. पोलाद उद्योगाला लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा येथे मिळतो.

येथील आधुनिक पद्धतीला ‘लाँगवॉल’ म्हणतात. काहीशे मीटर रुंद आणि काही किलोमीटर लांब असा कोळशाचा पट्टा यंत्राने सलग कापला जातो. यंत्र पुढे सरकले की मागचे छत मुद्दाम कोसळू दिले जाते. त्यावरचे खडक खाली बसतात आणि शेकडो मीटर वरची जमीनही खचते. सपाट जागी हे फारसे जाणवत नाही. दरीत मात्र वेगळेच घडते. दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांकडे सरकतात आणि मधल्या खडकाळ पात्रावर दाब येतो. सतरंजी दोन्ही टोकांनी ढकलली की मध्ये उचलली जाते, तसे पात्र वर उचलले जाते आणि तडकते.

मग ओढ्याचे पाणी भेगांत शिरते आणि डोह कोरडे पडतात. काही पाणी खालच्या अंगाला पुन्हा वर येते, पण ते बदललेले असते. ताज्या तुटलेल्या खडकातून लोह आणि मँगनीज त्यात विरघळते, विरघळलेला ऑक्सिजन घटतो आणि दगडांवर नारिंगी थर चढतो. काही पाणी मात्र आणखी खोल, खाणीच्या दिशेने जाते आणि धरणापर्यंत पोहोचतच नाही.

१९९०च्या दशकात कॅटरॅक्ट नदीच्या पात्राला भेगा पडून पाणी गायब झाले, शिवाय पाण्यातून मिथेनचे बुडबुडे येऊ लागले. पुढे वोरोनोरा धरणाला पाणी पुरवणाऱ्या वॉराटा रिव्ह्युलेट या ओढ्याचे पात्रही तडकले. तेव्हा न्यू साउथ वेल्स सरकारने २००६ मध्ये चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. त्यातील दोन शिफारशी महत्त्वाच्या होत्या. एक, महत्त्वाच्या ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना किमान ४०० मीटरचा भाग जोखमीचा मानून तेथील खाणकामाची स्वतंत्र छाननी करावी. दोन, परवानगी मागण्याआधीची किमान दोन वर्षांची मोजमापे सादर करावीत.

दुसरी शिफारस वरवर कागदोपत्री वाटते, पण सगळा वाद तिथेच अडतो. ओढा आटला, तर दोष अपुऱ्या पावसाचा की खाणीचा? हे सांगायचे तर खाणकामापूर्वीचा प्रवाह ठाऊक हवा. त्याच हवामानातील, पण खाली खाण नसलेला दुसरा ओढा तुलनेसाठी हवा. शिवाय भूजलाची पातळी, पाण्याची क्षारता, लोह, ऑक्सिजन आणि पाण्यातील कीटकांच्या नोंदी सलग हव्यात. या नोंदी नसतील, तर नुकसान डोळ्यांना दिसते, पण सिद्ध होत नाही.

नोंदी असल्या तरी त्या ओढा वाचवत नाहीत. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की इशारा मिळतो. पण तोवर खालचा पट्टा कापून झालेला असतो आणि कोसळलेले छत पुन्हा उचलता येत नाही. मग भेगांत सिमेंट किंवा पॉलियुरेथेन रेझिन भरतात. जॉर्जेस नदी आणि वॉराटा रिव्ह्युलेटमध्ये हे करून काही डोहांत पाणी पुन्हा टिकू लागले. मात्र हा उपाय डोहापुरता आहे. खोल गेलेल्या पाण्याची त्यातून हमी मिळत नाही. डोंगरमाथ्यावरची पाणथळ जमीन पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ओढ्यांना हळूहळू सोडते. तिच्या खालचा खडक फुटला, तर ती पूर्ववत करण्याचा खात्रीचा मार्ग नाही.

म्हणून भरवशाचे उपाय खाणकामाच्या आधीच करावे लागतात. पट्टे ओढ्यापासून दूर ठेवणे, त्यांची रुंदी कमी करणे किंवा तेथील कोळसा न काढणे हे ते उपाय. तिन्हींत कंपनीचा तोटा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील स्वतंत्र नियोजन आयोगाने डेंड्रोबियम खाणीचा विस्तार नाकारला तो पाणलोट क्षेत्रावरील परिणामांमुळेच. पुढील वर्षी कंपनीने सुधारित प्रस्तावही सोडून दिला.

विदर्भात चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत भूमिगत खाणी आहेत. येथे प्रामुख्याने कोळशाचे खांब ठेवून खोदकाम होते. त्यामुळे सिडनीची आकडेवारी येथे जशीच्या तशी लागू होत नाही. पण खांब कापले गेले किंवा काळाच्या ओघात खचले, तर वरची जमीनही बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे जुन्या खाणीच्या परिसरात एक घर जमिनीत गडप झाले होते. पोकळीत वाळू भरण्याचा जुना उपाय आहे, पण ती वाळू बहुधा नदीतूनच उपसली जाते.

भारतातील कोळसा खाण नियमांनुसार नदी, तलाव वा कालव्याखाली आणि काठापासून १५ मीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही. हा नियम आवश्यकच आहे, पण त्याचा हेतू खाणीत पाणी घुसून कामगारांचे जीव जाऊ नयेत हा आहे. म्हणजे तो पाण्यापासून खाणीचे रक्षण करतो. खाणीपासून पाण्याचे रक्षण हा त्याचा विषय नाही. पावसाळ्यानंतर काही महिनेच वाहणाऱ्या नाल्यांवर गावाच्या विहिरी अवलंबून असतात. नव्या भूमिगत खाणी मंजूर करताना त्या नाल्यांचा आजचा प्रवाह आणि विहिरींची आजची पातळी कोणी मोजली नाही, तर उद्या विहीर आटल्यावर गावाच्या हाती तक्रारीखेरीज काहीच उरणार नाही. १० कोटी टनांचे उद्दिष्ट अजून पुढे आहे. तेव्हा हे मोजमाप सुरू करण्याची वेळ आताच आहे.