‘एकदा करून बघायला काय हरकत आहे?’

मित्रांनो, घरात कुणाला कॅन्सर झाला की रिपोर्टच्या पाठोपाठ हे वाक्य दारात हजर होतं. बोलणारी माणसं जवळचीच असतात. आत्या, शेजारचे काका, बाबांच्या ऑफिसातलं कुणीतरी. वाक्य ऐकायला इतकं साधं असतं की त्याला ‘नको’ म्हणणाराच आडमुठा ठरतो! माझं म्हणणं एवढंच की यातल्या ‘हरकत’ या शब्दाचा हिशोब एकदा नीट मांडायला हवा.

विषय हवेतला नाही. माझ्या मावशीला गेल्या वर्षी ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर निघाला. तिसरी स्टेज. हा आजार मोठा लबाड. पोट फुगल्यासारखं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं ही त्याची लक्षणं. आपल्या घरातली कुठली बाई एवढ्यासाठी डॉक्टरकडे जाते? ‘गॅसेस झालेत’ म्हणून ओवा खाते नि कामाला लागते. त्यामुळे बहुतेक पेशंट तिसऱ्या-चौथ्या स्टेजलाच सापडतात. सरसकट सगळ्या बायकांची तपासणी करावी तर तसा उपायही अजून सापडलेला नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा मोठा प्रयोग झाला. २०२१ साली निकाल आला, की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

उपचार म्हणजे ऑपरेशन करून जेवढा दिसेल तेवढा ट्यूमर काढायचा आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या जोडीच्या किमो द्यायच्या. दर तीन आठवड्यांनी एक, साधारण सहा. बहुतेकींना गुण येतो, पण बऱ्याच जणींचा आजार पुन्हा डोकं वर काढतो. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की आजार दूरवर पसरल्यावर सापडलेल्या शंभर जणींपैकी पाच वर्षांनी तीसेक हयात असतात. डॉक्टर स्वतःच गॅरंटी देत नाहीत म्हटल्यावर घरच्यांनी इकडेतिकडे बघायचंच नाही? बघणारच! त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे.

आमच्याकडे जमलेली यादी अशी: गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा, लक्ष्मणफळ, गोमूत्र अर्क, हळदीच्या कॅप्सूल, साखर पूर्ण बंद आणि परराज्यातल्या कुठल्याशा गावी मिळणारं झाडाच्या सालीचं औषध. सगळ्यांचा युक्तिवाद एकच. ‘हे नैसर्गिक आहे, किमो म्हणजे केमिकल!’

इथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. मावशीच्या सलाईनमधून जाणारं पॅक्लिटॅक्सेल हेही मूळचं सालीचंच औषध आहे! १९६२ साली अमेरिकेत पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. त्यातलं औषधी द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. ते औषध कसं काम करतं हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवलं, आणि डिसेंबर १९९२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती अंडाशयाच्या कॅन्सरसाठीच. सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं! दुसऱ्या औषधाची गंमत आणखी वेगळी. बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण विजेने नव्हे, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांनी. हे १९६५ साली प्रसिद्ध झालं. त्यातून १९७८ साली सिसप्लॅटिन मान्य झालं, आणि कार्बोप्लॅटिन हे त्याचंच धाकटं भावंडं. सांगायचा मुद्दा असा की एक औषध झाडाचं, एक धातूचं. औषध कुठून आलं याला महत्त्व नाही. ते परीक्षेला बसलं का आणि पास झालं का, एवढंच विचारायचं.

आता हरकतीकडे येऊ.

पहिली हरकत शरीराची. एम-वनला ‘एरिया अंडर द कर्व्ह’ काढताना आपण सगळ्यांनी ‘हे आयुष्यात कुठे लागणार?’ असं म्हटलेलं आहे. इथे लागतं! कार्बोप्लॅटिनचा डोस मिलिग्रॅममध्ये काढायचा कॅल्व्हर्ट यांचा फॉर्म्युला असा: हवा असलेला एयूसी गुणिले (किडनीचा गाळण्याचा वेग अधिक २५). एयूसी ५ हवा आणि किडनी मिनिटाला ७५ मिलिलिटर गाळत असेल, तर डोस ५०० मिलिग्रॅम. म्हणजे इतका नेमका हिशोब किडनीच्या भरवशावर चाललेला असतो. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा लिव्हर करतं. अशा वेळी आपण मधूनच भस्म नाहीतर काढा घातला तर? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अमेरिकेत बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, ती गुळवेल होती का यावरच वाद झाला. पण पेशंटच्या दृष्टीने त्यातून निघणारा प्रश्न एकच: बाटलीत नक्की काय आहे हे आपल्याला माहीत आहे का?

दुसरी हरकत वेळेची. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. ते स्तन, फुप्फुस, आतडं आणि प्रोस्टेटच्या न पसरलेल्या कॅन्सरवरचे होते, अंडाशयाचा त्यात नाही, हे आधीच सांगतो. पहिल्यात फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ जणांचा मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. दुसरा जास्त विचार करायला लावणारा आहे. त्यातल्या २५८ जणांनी नेहमीचे उपचार आणि सोबत दुसरंही काही घेतलं होतं. त्यांचाही धोका दुप्पट! का? कारण त्यातल्या ३४ टक्के लोकांनी डॉक्टरांनी सुचवलेली किमो नाकारली होती. बाकीच्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं. हा नकार हिशोबात धरल्यावर तो फरक उरला नाही. ‘सोबत’ म्हणून सुरू केलेलं कधी ‘ऐवजी’ होतं ते कळतच नाही. खरी भीती तिथेच आहे.

तिसरी हरकत विचारांची. तिसऱ्या किमोनंतर मावशीचा सीए-१२५ चा आकडा खूप खाली आला. घरात लगेच कुणीतरी म्हणालं, ‘बघा, गव्हांकुर लागू पडले!’ लॅबमध्ये दोन व्हेरिएबल एकदम बदलली तर सर प्रॅक्टिकल परत करायला लावतात. इथे प्रॅक्टिकल परत करता येत नाही.

मग सगळंच टाकाऊ? अजिबात नाही. किमोच्या मळमळीवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. चिंता आणि नैराश्य कमी करायला ध्यान, योग यांची शिफारस अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ साली केली आहे. गाठ विरघळवण्यासाठी नव्हे, माणसाला बरं वाटावं म्हणून. मावशी रोज अनुलोम-विलोम करते, झेपेल तेवढं चालते, भजनाला जाते. डॉक्टरांना हे माहीत आहे आणि ते खूष आहेत.

आणि थोडं डॉक्टरांनाही सुनावायला हवं. वैद्यबुवा तासभर बसून झोप कशी लागते, भूक कशी आहे हे विचारतात. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन फाइल चाळण्यात जातात. ‘आम्ही काढा घेतोय’ असं सांगितलं की ओरडा बसतो, म्हणून लोक सांगतच नाहीत. न सांगितलेला काढा हा सांगितलेल्या काढ्यापेक्षा धोक्याचा! वेदना, झोप, भीती यांची विचारपूस करणारी पॅलिएटिव्ह केअर नावाची शाखा खुद्द ॲलोपॅथीतच आहे. पण आपल्याकडे ‘आता काही उरलं नाही’ म्हटल्यावर तिची आठवण होते. ती पहिल्या दिवसापासून मागायला हवी.

या सगळ्या गदारोळात एका व्यक्तीला कुणीच विचारत नाही. पेशंटला! आमच्याकडेही काका, मामा, आई सगळे भांडत होते. शेवटी मावशीच म्हणाली, “माझ्या पोटात काय जायचं ते मला विचारा की!” तिने किमो पूर्ण करायचं ठरवलं. गव्हांकुर चव आवडत नाही म्हणून बंद केले. उद्या औषधं थकली आणि तिला एखाद्या गावी जाऊन देवाला किंवा वैद्याला भेटावंसं वाटलं, तर मी स्वतः गाडी काढीन. तेव्हा तो तिचा हक्क असेल. पण आज, उपचार काम करत असताना, तिच्यासाठी परस्पर ठरवण्याचा हक्क ना नातेवाइकांना आहे, ना मला.

मित्रांनो, घरातले मेसेज ‘खरं आहे का रे?’ म्हणून शेवटी आपल्याकडेच येतात, कारण आपण ‘इंजिनिअर’! तेव्हा चार प्रश्न विचारा. हे नक्की कशासाठी आहे, आजारासाठी की आरामासाठी? माणसांवर तपासलंय का? चालू औषधांशी भांडेल का? आणि ऑन्कॉलॉजिस्टला सांगितलंय का? चारही उत्तरं मिळाली, तर खुशाल करून बघा. चौथ्या प्रश्नाला समोरचा ‘डॉक्टरांना कशाला सांगायचं?’ असं म्हणाला, तर मात्र समजा की हरकत आहे. चांगलीच आहे!