‘जो-तो’ वाक्य विशेषण नव्हे

‘जो-तो’ रचनेतील गौणवाक्याला ‘विशेषणवाक्य’ म्हणून मोकळे होण्याची मराठी व्याकरणाच्या अध्यापनात प्रथा आहे. हा साचा युरोपीय व्याकरणाचा. तो मराठीला कितपत बसतो, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. जर्मनशी तुलना केली म्हणजे ही बेफिकिरी उघडी पडते.

वरकरणी साम्य भुलविणारे आहे. जर्मनमधील ‘डेर, डी, दास’ ही संबंधी सर्वनामे लिंग व वचन नामाकडून घेतात, विभक्ती मात्र आपल्या वाक्यातील कार्यानुसार; ‘जो, जी, जे’चेही तसेच. क्रियापदही दोन्हीकडे गौणवाक्याच्या अखेरीस येते. परंतु जर्मन संबंधी वाक्य सामान्यतः नामामागून येते, आणि त्याच्याभोवती स्वल्पविराम सक्तीचा असतो. परिणामी सगळे मजूर अभिप्रेत आहेत की त्यांतले काही, हे तेथील विरामचिन्ह सांगू शकत नाही. निवड स्पष्ट करायची तर ‘डेरयेनिगे’ हे वेगळे दर्शक योजता येते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीसाठी करार लिहिला जात आहे, अशी कल्पना करावी. ‘ज्या मजुरांनी उचल घेतली आहे, ते हंगामभर बांधील राहतील’ या वाक्यात उचल न घेतलेला मजूर मोकळा आहे. तेच ‘मजूर, ज्यांनी उचल घेतली आहे, हंगामभर बांधील राहतील’ असे अनुवादी मराठीत लिहिले, की मुकादमाला सारी टोळी बांधून घेता येते. ‘उचल घेतलेले मजूर’ ही कृदन्त रचनाही तितकीच संदिग्ध. तिला अस्सल मराठी म्हणून मिरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तरीही हे विशेषणच, असा आक्षेप येईल. मग ‘ज्याने जेवढी उचल घेतली, त्याने तेवढीच फेडावी’ या वाक्याचे काय? येथे एकच गौणवाक्य ‘त्याने’ आणि ‘तेवढी’ या दोहोंना बांधते. जर्मन संबंधी वाक्याला हे साधत नाही; एका नामाला चिकटलेल्या विशेषणाला ते साधणारही नाही. हिंदीतील ‘जो-वो’ रचनेबाबत वेनीता श्रीवास्तव यांनी १९९१ मध्येच दाखविले की, आरंभी येणारे असे वाक्य नामाला विशेषित करीत नाही, तर मुख्य वाक्यातील दर्शकाला बांधते.

पदव्युत्तर परीक्षेत उचलीचे हेच वाक्य पृथक्करणासाठी द्यावे. जो ‘विशेषणवाक्य’ असे उत्तर लिहील, त्याने कोणत्या नामाचे, तेही लिहावे.