गिझरचा कटआउट सारखा पडतोय? ‘डायरेक्ट’ करण्याआधी हे वाचा

डिजिटल डेस्क, रहिमतपूर : थंडी वाढली की गिझरच्या तक्रारीही वाढतात. लहान गावात कंपनीचा तंत्रज्ञ लगेच मिळतोच असे नाही. मग ‘कटआउट काढा, डायरेक्ट जोडून द्या’ असा सोपा वाटणारा उपाय केला जातो. तो का धोकादायक आहे, समजून घेऊ.

गिझरला आवरतं कोण?

साठवणीच्या गिझरमध्ये तीन राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो आणि पाणी गार झाले की पुन्हा जोडतो. तो बिघडून वीज चालूच राहिली, तर थर्मल कटआउट पुरवठा बंद करतो. तरीही टाकीतला दाब वाढला, तर प्रेशर व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो. कटआउट ‘डायरेक्ट’ केला की मधला राखणदार गेला. त्यात व्हॉल्व्ह क्षाराने बसला असेल, तर टाकी फुटू शकते.

किती वेळ पुरे?

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॅटचा गिझर हे काम २० ते २५ मिनिटांत करतो. तासभर चालू ठेवूनही पाणी कोमटच राहत असेल, तर बिघाड आहे.

लक्षणावरून दोष ओळखा

• हीटिंगचा दिवा लागतो, पाणी गार : कॉइल जळाल्याची शक्यता.
• वीज आहे, पण हीटिंगचा दिवा लागत नाही, पाणी गार : थर्मोस्टॅट किंवा कटआउट.
• चालू करताच एमसीबी पडतो : कॉइल किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट.
• आरसीसीबी पडतो : करंट गळतोय. गिझर वापरू नका.
• नळातून वाफ येते : थर्मोस्टॅट अडकलाय. मेन स्विच लगेच बंद करा.
• पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडतात : पाणी प्रसरण पावते, त्यामुळे हे सामान्य. सतत धार लागली, तर तंत्रज्ञाला बोलवा.

कटआउट पुन्हा पुन्हा का पडतो?

बोअरचे जड पाणी हे एक मोठे कारण. कॉइलवर क्षाराचा थर बसतो, उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉइलच जास्त तापते. थर्मोस्टॅटचा बिघाड हे दुसरे कारण. काही गिझरमध्ये कटआउटला रिसेटचे बटण असते. तंत्रज्ञाने ते दाबल्यावरही कटआउट पुन्हा पडला, तर मूळ दोष शोधायलाच हवा.

काय कराल?

वर्षातून एकदा टाकी, कॉइल आणि मॅग्नेशियम रॉड तपासून घ्या. अर्थिंग पाहून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर करंट घेतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. सुटा भाग आयएसआय चिन्हाचा आणि त्याच क्षमतेचा घ्या.

तंत्रज्ञ येईपर्यंत दोन दिवस पाणी स्वयंपाकघरात गॅसवर तापवावे लागले, तरी चालेल. कटआउट काढलेला गिझर मात्र एक दिवसही वापरू नका.